कँटनीजमधल्या चहाड्या, कुचाळक्या आणि खोटे आळ

तुंगचुंगकर | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, कँटनीज (हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी भाषा) शिकवणाऱ्या पुस्तकांत 'स्टेशन कुठे आहे' आणि 'मला कोबी आवडतो' यापलीकडे फारसं काही नसतं. हाँगकाँगच्या ऑफिसात डबा खाताना जी भाषा कानावर पडते ती निराळीच, आणि तिचा निम्मा ऐवज तिथे हजर नसलेल्या माणसांबद्दल असतो. मी हिशेब खात्यात काम करते. सहकारी मैत्रिणींना विचारून विचारून या एकाच विषयाचे शब्द वहीत टिपत गेले. चुगली, चहाडी, कुचाळकी, बदनामी, खोटा आळ, सगळं. वही बरीच भरलीय, म्हणून हा धागा.

पहिला शब्द इथल्या पोरासोरांनाही माहीत असलेला: 'पात क्वा'. मूळ अर्थ आठ त्रिरेखा. यी चिंग या प्राचीन ग्रंथातली, प्रत्येकी तीन आडव्या रेघांची आठ चिन्हं. घराच्या दारावर लावतात त्या अष्टकोनी आरशाभोवती ती कोरलेली असतात. पण बसमध्ये कुणी 'पात क्वा' म्हटलं तर कुणाला ग्रंथ आठवत नाही. 'ती फार पात क्वा आहे' म्हणजे ती भोचक आहे, तिला सगळ्यांच्या घरातलं कळायला हवं. नुसतं 'पात' हे क्रियापदासारखंही चालतं. 'पात हा' म्हणजे जरा कानोसा घेऊ या, काय शिजतंय बघू या. नटनट्यांच्या भानगडी छापणारी साप्ताहिकं ती पात क्वा साप्ताहिकं. हाँगकाँगच्या मनोरंजनवाल्या छापील जगाबरोबर हा अर्थ तैवानात आणि चीनमध्येही पोचला. तिकडचे लोक आपल्या मँडरिन (चीनची अधिकृत भाषा) उच्चाराने तोच शब्द वापरतात.

पात क्वामध्ये विष थोडं. विष सुरू होतं 'सी फेय'पासून. सी म्हणजे बरोबर, फेय म्हणजे चूक. मेन्शियस या तत्त्वज्ञाने म्हटलंय की सी-फेयची जाण ही शहाणपणाची सुरुवात. आणि तोच जोडशब्द आज बाजारात 'लावालावी' या अर्थाने फिरतो! 'कॉंग सी फेय', सी फेय बोलणं, म्हणजे इकडचं तिकडे करणं. मला यात मोठी गंमत वाटते. दुसऱ्याचं बरोबर की चूक याचा निवाडा त्याच्या माघारी करत बसणं, हीच इथे कुचाळकीची व्याख्या ठरली. आपल्याकडे 'निंदा' म्हटलं की निकाल लागलेला असतो; सी फेयमध्ये खटला रंगात आलेला असतो.

एक म्हण तर ऑफिसच्या भिंतीवर लावावी अशी: 'सी फेय तॉंग यन छिंग'. सी फेय हीच भेट म्हणून देणं. 'तुला म्हणून सांगते हं, ती तुझ्याबद्दल काय म्हणत होती...' असं सांगून वर उपकार केल्याचा चेहरा करणारी बाई (किंवा बुवा) आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कँटनीज लोकांनी त्या उपकाराचाही हिशेब मांडून ठेवलाय.

माझ्या वहीत एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. हे शब्द दिशेप्रमाणे वाटलेले आहेत. बाजूच्या टेबलाशी बोललात तर सी फेय. साहेबाकडे जाऊन बोललात तर शब्द बदलला: 'तुक पुय चेक', म्हणजे पाठीत टोचणं. असं टोचणारा, त्यातही जो खोटंनाटं सांगून दुसऱ्याला अडकवतो, तो 'कम सौ ची', सोन्याचं बोट. आणि जो आपल्याच टोळीत राहून फितूर होतो तो 'यी ङ चय', दोन-पाचवाला. चव्हाट्यावर, चार लोकांत, मुद्दाम नाव खराब केलं तर 'छ्योंग सॉय'. छ्योंग म्हणजे गाणं, सॉय म्हणजे ऱ्हास, पडता काळ. गाऊन गाऊन एखाद्याला उतरणीला लावायचं! राजकारणातही हा शब्द सर्रास येतो. परदेशात जाऊन सरकारवर टीका करणाऱ्याला 'हाँगकाँगला छ्योंग सॉय करतोस' हे ठरलेलं उत्तर.

खोट्या आळाचा कप्पा वेगळाच आहे, तो पुढच्या प्रतिसादात. तोवर तुमच्याकडे काही भर असेल तर टाका.

---

मिरची_भजी | सोमवार, रात्री १०:०५

तुंगचुंगताई, एक नंबर धागा! मी हाँगकाँगच्या मालिका बघून बघून थोडं शिकलेय, त्यातला 'सिक फा संग' राहिला की. शेंगदाणे खाणे. दुसऱ्यांचं भांडण जुंपलं की आपण शेंगदाणे खात मजा बघायची. तिकडच्या इंटरनेटवर कुठेही वाद पेटला की खाली लोक 'शेंगदाणे आणा रे' लिहितात. मँडरिनवाले त्याच कामासाठी कलिंगड खातात.

आणि 'यी ङ चय' म्हणजे पंचवीस का दोन-पाच? पंचवीस पैशात फितूर झाला असं काही आहे का?

---

अनुनासिक | सोमवार, रात्री १०:५०

लेख चांगला. उच्चारांबद्दल थोडं, कारण देवनागरीत हे शब्द रोमनपेक्षा चांगले बसतात आणि वाचणाऱ्यांनी त्याचा फायदा घ्यावा.

रोमन लिपीत कँटनीजचं जे 'बी' आणि 'पी' लिहितात ते खरं म्हणजे आपले 'प' आणि 'फ' (ओठ मिटून, 'फळ'मधला). 'डी' आणि 'टी' म्हणजे 'त' आणि 'थ'. 'जी' आणि 'के' म्हणजे 'क' आणि 'ख'. भेद घोषाचा नाही, महाप्राणाचा (श्वासाच्या झोताचा) आहे, आणि तो मराठी कानाला आयता ऐकू येतो. इंग्रजी माणूस इथे धडपडतो. 'चय'मधला च 'चाक'मधला, 'चहा'मधला नव्हे. 'फेय'मधला फ मात्र दातांनी ओठ दाबून, 'फॅन'सारखा.

आणि 'यी ङ चय'मधला ङ! वर्णमालेत बसून बसून गंजलेलं आपलं अक्षर. कँटनीजमध्ये 'पाच' हा आकडा म्हणजे निव्वळ 'ङ', सोबत एकही स्वर नाही. शाळेत ज्यांनी 'याचा उपयोग काय' असं विचारलं होतं त्यांना उत्तर मिळालं.

कँटनीजमध्ये सूर बदलला की अर्थ बदलतो; ते सहा सूर मात्र देवनागरीत दाखवता येत नाहीत. त्यामुळे वरचे शब्द वाचून तिथे बोलायला जाऊ नका.

---

खवचट_म्हातारा | मंगळवार, सकाळी ६:१५

भजीबाई, पंचवीस पैसे नव्हेत. हाँगकाँगच्या क्वाई चुंग बंदरात धक्क्यावर आमचं जहाज लागायचं तेव्हा तिथला एक फोरमन ही कथा रंगवून सांगायचा. दक्षिणेकडच्या शाओलिन मठाची दंतकथा. मंचू राजवटीविरुद्ध लढणारे भिक्षू, त्यांच्यात मानाने सातवा असलेला एक जण फितूर झाला आणि त्याने मठ जाळायला शत्रूला वाट दाखवली. पुढे गुप्त मंडळ्यांमध्ये 'सात' म्हणायचीच चोरी झाली, म्हणून दोन आणि पाच. इतिहास म्हणून याला टेकू नका, पण गुंडांच्या टोळ्यांपासून ऑफिसापर्यंत शब्द याच कथेच्या खांद्यावर बसून आला. टोळीवाल्यांचा आणखी एक शब्द: 'तुक फुय', राखेत टोचणे. पोलिसांना खबर देणे.

तुमच्या सोन्याच्या बोटाबद्दल मात्र सांभाळून. हल्लीच्या पोरांना ते व्हिडिओ गेममधल्या लबाडीच्या युक्तीचं नाव म्हणून माहीत आहे. त्याला कम सौ ची म्हणालात तर तो खूश होईल.

---

तुंगचुंगकर | मंगळवार, दुपारी १:२०

खवचटकाका, तुक फुय वहीत नव्हता, टिपला.

आता खोट्या आळाचा कप्पा. रोजच्या बोलण्यातला शब्द 'वत'. 'नेय वत ङो!', तू माझ्यावर उगाच आळ घेतोयस. लहान मुलंही भांडताना हेच ओरडतात. त्याच्या वरची पायरी 'सांग ऑन पाक चोव', म्हणजे काही नसताना रचणं, शुद्ध कुभांड. आणि मग 'छय सांग च्यू युक'. कच्चं डुकराचं मांस रचणं! निरपराध माणसावर गुन्हा लादणं, त्याच्या खिशात पुडी घालून त्याला पकडणं. पोलिसी मालिकेत आरोपी 'मला सांग च्यू युक छय करताय' असं ओरडला नाही तर भाग पूर्ण झाला असं वाटत नाही.

ऐतिहासिक मालिकांत, पागोटी आणि लांब बाह्यांच्या, याच जागी 'हम ह्युत फन यन' येतं. तोंडात रक्त धरून ते दुसऱ्यावर फवारणं. पूर्ण वचनाचा पुढचा भाग असा की त्यात आधी विटाळतं ते स्वतःचंच तोंड. राजाच्या दरबारात एक राणी दुसरीवर विष घातल्याचा आरोप करते, दुसरी गुडघ्यावर कोसळून हे चार शब्द उच्चारते, संगीत वाढतं, जाहिराती.

मीठमसाला लावून सांगण्याला 'का यिम का छोव'. मीठ घाल, व्हिनेगर घाल. तिखट नाही, हे दक्षिण चीनच्या स्वयंपाकाला धरूनच आहे.

---

आळशी_सुगरण | मंगळवार, दुपारी ३:००

सगळं वाचलं, छान आहे, पण एक शब्द तुम्ही टाळलात. 'पात फो'. मी दोन वर्षं तिथे होते आणि सर्वांत जास्त ऐकलेली शिवी हीच. 'फो' म्हणजे बाई, म्हातारी. पात क्वा करणारी बाई ती पात फो. मूळ अर्थ भोचक भवानी, पण आता कुठल्याही बाईचा राग आला की पुरुष ती सरसकट फेकतात. तिने कुणाबद्दल चकार शब्द काढलेला नसला तरी. बसमध्ये पाय मागे घ्यायला सांगितलं, झाली पात फो.

बुवांसाठी 'पात कुंग' आहे म्हणे. मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. शब्दकोशात असेल पडलेला.

---

अनुनासिक | मंगळवार, दुपारी ३:२५

'पात कुंग' वापरात आहे, पण थट्टेच्या सुरात. पुरुषाला पात कुंग म्हटलं की लोक हसतात. बाईला पात फो म्हटलं की भांडण होतं. त्यामुळे आळशी_सुगरण यांचा मुद्दा उलट पक्का होतो.

आणि हे जुनं आहे. 'छ्योंग सित फू', लांब जिभेची बाई. बायकांच्या लांब जिभेवर घसरण्याची ही सवय शी चिंग या प्राचीन काव्यसंग्रहापासूनची. तिथे राज्य बुडण्याचं खापर तिच्या जिभेवर फोडलंय.

---

आळशी_सुगरण | मंगळवार, दुपारी ३:४०

राज्य बुडवणाऱ्या पुरुषांच्या जिभांची लांबी कुणी मोजली नाही वाटतं.

---

वकिलीण_बाई | मंगळवार, सायंकाळी ७:१०

कायद्याच्या बाजूने थोडी भर. बदनामीसाठी हाँगकाँगचा कायदेशीर शब्द 'फेय पॉंग'. तिथल्या कायदेसंग्रहात बदनामीचा कायदा प्रकरण २१ वर आहे. मूळ इंग्रजी परंपरेत छापील बदनामी आणि तोंडी बदनामी हे वेगळे दावे. ही दोन्ही नावं चिनीत आणताना भाषांतरकारांनी गंमत केली: छापील ती 'कायमस्वरूपी फेय पॉंग' आणि तोंडी ती 'अल्पकाळ टिकणारी फेय पॉंग'. कागद टिकतो, आवाज विरतो, एवढाच आधार. तोंडी बदनामीत साधारणपणे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचं दाखवावं लागतं (अपवाद आहेत), छापील बदनामीत ते गृहीत धरतात.

आपल्याकडे फौजदारी बाजूला हा भेद नाही. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६. बोललात, लिहिलंत, खाणाखुणा केल्यात, सगळं एकाच कलमात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा.

आता प्रश्न असा की व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज कायमस्वरूपी की अल्पकाळचा? यावर मी फी घेतल्याशिवाय बोलत नाही.

---

मिरची_भजी | मंगळवार, रात्री ८:३०

वकिलीणबाई, मग 'हेय तय'चं काय? तळ वर काढणे. म्हणजे एखाद्याचं नाव, पत्ता, फोन, पोराची शाळा सगळं खणून इंटरनेटवर टाकायचं.

---

वकिलीण_बाई | मंगळवार, रात्री ९:००

ती बदनामी नव्हे, कारण टाकलेली माहिती खरी असते. म्हणूनच वेगळा कायदा लागला. हाँगकाँगमधल्या २०१९च्या सरकारविरोधी आंदोलनात पोलीस आणि आंदोलक दोन्ही बाजूंच्या माणसांचे पत्ते ढिगाने बाहेर आले. त्यानंतर हाँगकाँगच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती ८ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. माहिती टाकल्याने त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना खरोखर इजा झाली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड. तुंगचुंगकर यांनी दिशा सांगितल्या त्यात ही एक जोडा: खालून वर.

---

जुने_पोस्टर | मंगळवार, रात्री ११:४५

या विषयावर बोलायचं आणि युन लिंग-युकचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. मँडरिनमध्ये र्‍वान लिंग-यू. १९१० साली शांघायमध्ये जन्म, घराणं क्वांगतुंग प्रांतातल्या चुंगशानचं, म्हणजे कँटनीज मुलुखातलं. मूकपटांच्या जमान्यातली चीनची सर्वांत मोठी नटी. १९३५च्या सुरुवातीला तिचा 'नव्या स्त्रिया' हा चित्रपट आला. वर्तमानपत्रांनी छळलेल्या एका नटीने वर्षभरापूर्वी जीव दिला होता, तिच्यावर बेतलेला. त्यात बातमीदारांचं चित्र काळं रंगवलं म्हणून पत्रकार खवळले, आणि त्याच वेळी युनच्या पहिल्या जोडीदाराने तिला कोर्टात खेचलं. वर्तमानपत्रांना मेजवानी. ८ मार्च १९३५ रोजी तिने आयुष्य संपवलं. वय २४.

तिच्या नावे छापल्या गेलेल्या पत्रातले चार शब्द कँटनीज घरांत आजही बोलले जातात: 'यन यिन हो वय', लोकांच्या बोलण्याचं भय धरावं. हे पत्र तिनेच लिहिलं का यावर पुढे बरीच भवति न भवति झाली. पण लू श्युन या थोर लेखकाने त्याच वर्षी याच चार शब्दांवर लेख लिहिला आणि पत्रकारांना धारेवर धरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वर्तमानपत्रं बलवानापुढे दुबळी असतात, पण एकट्यादुकट्या बाईपुढे त्यांची ताकद पुष्कळ असते. आणि वाचक? मोठ्या माणसाबद्दल ऐकायला घाबरणारा, पण अर्धवट ओळखीच्या नटीबद्दल मिटक्या मारत वाचणारा.

त्या चार शब्दांचं मूळही शी चिंगमध्ये आहे, अनुनासिक. एक मुलगी प्रियकराला सांगते, भिंत ओलांडून येऊ नकोस, मला लोकांच्या बोलण्याची भीती वाटते. म्हणजे त्या संग्रहाने लांब जिभेचं खापर बाईवर फोडलं, आणि लोकांच्या जिभेला भ्यायलेली बाईही त्यानेच नोंदवली.

पात क्वा साप्ताहिकांसाठी नट्यांच्या मागे धावणाऱ्या छायाचित्रकारांना 'कौ चय तॉय' म्हणतात, कुत्र्याच्या पिल्लांची पलटण. आधी हा साध्या वेशात पाळत ठेवणाऱ्या हाँगकाँग पोलिसांसाठीचा शब्द होता.

---

शिरवळकर | बुधवार, सकाळी ९:३०

शब्द झाले, पण यावर उपाय काय करतात ते लोक? आमच्या खंडाळा तालुक्यात (सातारा जिल्ह्यातला, लोणावळ्याजवळचा नव्हे) नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरीचा बार भरतो. सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्या दिवशी मनात काही ठेवायचं नाही.

---

तुंगचुंगकर | बुधवार, दुपारी १२:५०

शिरवळकर, बोरीच्या बायांना तोंडावर शिव्या देता येतात. इथे ज्याला मारायचं तो समोर नसतो.

प्रकाराचं नाव 'ता सिव यन'. सिव यन म्हणजे लहान माणूस. वयाने नव्हे, मनाने. कॉन्फ्यूशियसच्या शिकवणीत सज्जनाच्या उलट टोकाचा, क्षुद्र वृत्तीचा जो माणूस, तो सिव यन. आज तोच तुमच्या पाठीत टोचणारा ऑफिसातला सहकारी, सासूचे कान भरणारी जाऊ, खोटा आळ घेणारा शेजारी. ता म्हणजे मारणे.

जागा कॉजवे बे आणि वान चाय यांच्या मधोमध, कॅनॉल रोडच्या उड्डाणपुलाखाली. कँटनीज नाव 'ङो केंग ख्यू', हंसमानेचा पूल. वर गाड्यांचा घणघणाट, खाली प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर आज्या बसलेल्या. प्रत्येकीसमोर छोटं देवघर, उदबत्त्या, मेणबत्त्या, आणि एक जुनी चप्पल. तुम्ही नाव सांगायचं, नाव नसेल तर सरसकट सगळे सिव यन. आजी कागदी बाहुली विटेवर ठेवते आणि चपलेने बडव बडव बडवते. सोबत यमकात मंत्र. 'तुझं डोकं बडवते, श्वास असून घेता येऊ नये.' 'डोकं' आणि 'श्वास घेणं' हे दोन्ही कँटनीजमध्ये 'थौ', फक्त सूर वेगळा, म्हणून यमक खणखणीत लागतं. मग हात, मग पाय, मग तोंड. शेवटी चिंधड्या झालेली बाहुली जाळतात. २०१४ साली हाँगकाँग सरकारने अमूर्त वारशाची पहिली यादी केली, ४८० बाबींची, त्यात हे आहे.

वर्षभर चालतं, पण खरा दिवस 'किंग चत'. सौर पंचांगाप्रमाणे ५ किंवा ६ मार्चला येतो. वसंतातली पहिली मेघगर्जना, जमिनीखालचे किडे-जीव जागे होतात. त्यांच्याबरोबर पांढरा वाघही जागा होतो. आणि हा वाघ काय आणतो? शिकार नव्हे, 'हौ सित सी फेय', तोंड-जिभेची सी फेय! म्हणून त्या दिवशी कागदी वाघाच्या तोंडाला डुकराची चरबी फासतात. तोंड तुपकट झालं की चावणार कसं, बोलणार कसं. माझ्या दिशांच्या वाटणीत हा वाघ कुठे बसवायचा ते मात्र मला सुचलेलं नाही. तो कुणाच्या कानात सांगत नाही, कुणाकडे तक्रार करत नाही. इथल्या लोकांच्या लेखी निंदा ही पावसाळी हवेसारखी ऋतूबरोबर येते असं दिसतं.

---

खवचट_म्हातारा | बुधवार, दुपारी २:३०

त्या पुलाची दुसरी गोष्ट सांगतो. तिथे पूल का आहे, तर तिथे कालवा होता. लांब, बारीक, म्हणून हंसमान. आता तो रस्त्याखाली गेलाय. हाँगकाँगमधल्या अशा बांधीव ओढ्यांना तिथलं इंग्रज सरकार काय म्हणत असे? 'नुल्लाह'. म्हणजे आपला नाला! हिंदुस्थानातून गेलेल्या साहेबांनी शब्द बरोबर नेला. आजही तिथल्या पाट्यांवर दिसतो. वाहनतळावर पैसे भरायच्या खिडकीवर 'श्रॉफ' लिहिलेलं असतं, तो आपला सराफ. निंदकांना बडवायची जागा आमच्या नाल्यावर, हे ऐकून ऊर भरून आला.

---

मार्कमवासी | बुधवार, रात्री ८:१५ (आमची सकाळ)

टोरांटोच्या बाजूला आमच्या गल्लीत निम्मी घरं हाँगकाँगहून आलेल्यांची. चिनी नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी यातलं कुणी कुणाकडे जात नाही. पहिले दोन दिवस वर्दळ, तिसऱ्या दिवशी चिडीचूप. त्या दिवसाचं नाव 'छेक हौ', तांबडं तोंड. भेटलात तर भांडण होणार, शब्दाने शब्द वाढणार, म्हणून घरी बसा किंवा देवळात जा. हाँगकाँगमध्ये असताना ही मंडळी त्या दिवशी शा तिनच्या छे कुंग देवळात जायची. इथे मॉलमध्ये जातात.

शेजारच्या आजी एक वचन नेहमी म्हणतात: 'लोय स्युत सी फेय चे, पिन सी सी फेय यन'. जो सी फेय घेऊन तुझ्याकडे आला, तोच सी फेयवाला. हे म्हणून झालं की त्या खुर्ची पुढे ओढतात आणि पलीकडच्या घराबद्दल सुरू करतात.

---

आळशी_सुगरण | बुधवार, रात्री ८:४०

:)) आजींना पात फो म्हणायची हिंमत करू नका फक्त.

बाय द वे, मराठीतही दिशांची वाटणी आहे की. चहाडी वर जाते, साहेबाकडे, मास्तरांकडे. कागाळी पण वर, पण तीत आपल्यावर अन्याय झाल्याचा सूर. कंड्या पिकतात त्या आडव्या. किटाळ येतं ते कुठून येतं कळतच नाही, ते तुंगचुंगकर यांच्या पांढऱ्या वाघाजवळ ठेवावं.

---

शिरवळकर | बुधवार, रात्री ९:०५

कान भरणे, काड्या घालणे, उखाळ्यापाखाळ्या, वावड्या उठवणे, आगीत तेल...

---

मिरची_भजी | बुधवार, रात्री ९:०६

नाक खुपसणे, चोंबडेपणा, कळलाव्या, नारदमुनी

---

संपादक | बुधवार, रात्री ९:३०

मराठी शब्दांसाठी नवा धागा काढावा, हा कँटनीजचा आहे. तसेच एका सदस्याने दुसऱ्या सदस्याबद्दल आम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवून तक्रार केली आहे. ती चहाडी की कागाळी हे तुम्हीच ठरवा, कारवाई होणार नाही.

---

खवचट_म्हातारा | बुधवार, रात्री ९:३४

कोण रे तो यी ङ चय?

---

अनुनासिक | बुधवार, रात्री १०:२०

खवचटकाका, सदस्याबद्दल संपादकांकडे गेला तर तो 'तुक पुय चेक' करणारा. यी ङ चय व्हायला आधी आपली टोळी असावी लागते.

तुंगचुंगकर, वहीत 'तान तान ता ता' आहे का? थेट नाव न घेता, दुसऱ्याच कुणाशी बोलत, ज्याला लागायचं त्याला लागेल असं बोलणं. लेकी बोले सुने लागे. त्याचं ग्रांथिक भावंड 'ची सॉंग मा वाय': तुतीच्या झाडाकडे बोट दाखवून शिव्या दुसऱ्याच झाडाला.

---

तुंगचुंगकर | गुरुवार, दुपारी १:१०

आहे, आणि माझ्या विभागात त्याचा वापर सर्वांत जास्त. कारण तक्रार करता येत नाही. 'मी तुला कुठे बोलले?' एवढं म्हटलं की मोकळं. बाकी सगळ्या शब्दांत पीडित माणसाला 'मला वत केलं' म्हणून ओरडता येतं, इथे ओरडला तर तोच वेडा ठरतो.

---

मिरची_भजी | गुरुवार, सायंकाळी ६:००

ताई, मार्चमध्ये चार दिवस हाँगकाँगला येतेय, मैत्रिणींबरोबर. किंग चतला तिथे असेन. मला ता सिव यन करायचंच आहे. कसं जायचं? आणि नाव सांगावंच लागतं का?

---

तुंगचुंगकर | गुरुवार, रात्री ९:१५

ये ये. मेट्रोने कॉजवे बे स्टेशनला उतर, टाइम्स स्क्वेअरकडे निघणाऱ्या 'ए' दारातून बाहेर ये आणि उड्डाणपूल दिसेपर्यंत पश्चिमेकडे चाल. फारसं लांब नाही. धूर आणि चपलेचा आवाज आला की पोचलीस. त्या दिवशी गर्दी उसळलेली असते, म्हणून सकाळी लवकर जा. रोख पैसे ठेव. पन्नास डॉलरच्या आसपास घेतात, पण किंग चतला भाव वाढतो, आधी विचारून घे. फोटो काढण्याआधीही विचार, आज्या चिडतात आणि चप्पल त्यांच्या हातात असते.

नाव कागदावर लिहून दिलं तरी चालतं. देवनागरीत लिहिलेलं वाघाला वाचता येतं का, ते तूच येऊन सांग.